कनवटीची किल्ली

मुलुंड स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काचेवर दुकानाचा मेल आयडी मोठ्या अक्षरांत चिकटवलेला आहे. पेनड्राइव्ह घेत नाहीत, व्हायरस येतो. ज्याला प्रिंट हवी त्याने काउंटरपाशी उभं राहून मोबाइलवरून त्या आयडीवर फाइल पाठवायची. आतला मुलगा ती उघडतो, ब्लॅक अँड व्हाइट की कलर ते विचारतो आणि दोन मिनिटांत गरम कागद हातात ठेवतो. मुंबईत अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत.

मी वैद्यकीय आणि कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. गेल्या पावसाळ्यात घरचा प्रिंटर बंद पडला, म्हणून एका बाईंच्या बायॉप्सीच्या रिपोर्टचं भाषांतर छापून घ्यायला त्या दुकानात गेले. गर्दी होती. मुलाने स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाला, "ताई, यातली तुमची कुठली?" समोर त्या दिवसाचा सगळा इनबॉक्स. आधार, पुढची आणि मागची बाजू. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. पासपोर्ट. कुणाचा तरी घटस्फोटाचा मसुदा, पुढे 'फायनल' लिहिलेला. प्रत्येक ओळीत पाठवणाऱ्याचं नाव. पाचव्या ओळीत माझी फाइल, आणि फाइलच्या नावातच त्या बाईंचं पूर्ण नाव, कारण मीच ते तसं दिलं होतं. माझ्या मागे चार माणसं उभी होती. त्यांनी वाचलं असेल, नसेलही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मुलगा चांगला आहे. "रात्री दुकान बंद करताना सगळं उडवतो मी," असं तो आपणहून म्हणाला, आणि तो उडवत असणार यावर माझा विश्वास आहे. पण मला मेलला कुलूप घालता येतं, म्हणजे ज्याला पाठवला त्याच्याशिवाय कुणाला वाचताच येणार नाही असा तो बंद करता येतो. २०१३ पासून येतं. माझ्या ओळखीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतली माणसं आहेत, आणि त्या सगळ्यांत मेल कुलूपबंद करून पाठवणारं माझ्याशिवाय एकच माणूस झालं, तेही मी भरीला पाडलं म्हणून. असं का व्हावं, हे मी बरीच वर्षं मनाशी घोळवते आहे. 'लोकांना काही पडलेलीच नाही' हे उत्तर मला मान्य नाही.

मान्य नाही, कारण मी गिरगावातल्या चाळीत वाढले. सकाळी दूधवाला आला की उघडलेलं दार रात्री निजायच्या वेळीच लागायचं. पोस्टमन गॅलरीत जो दिसेल त्याच्या हाती साऱ्या मजल्याची पत्रं द्यायचा. पोस्टकार्ड तर सगळ्यांचंच. ते वाचत वाचत आणून देण्यात कुणाला वावगं वाटत नसे. म्हणूनच कार्डावर कुणी मनातलं लिहीत नसे. 'सर्व क्षेम, कळावे, लोभ असावा' एवढंच कार्डाचं काम. त्याहून अधिक काही असेल तर निळं अंतर्देशीय, आणि ते कडेने फुगवून आत डोकावता येतं हे चाळीतल्या पोरासोरांना ठाऊक असल्यामुळे, खरंच नाजूक असेल तर पाकीट. कुठला मजकूर कशात घालायचा याचं गणित माझ्या चौथी शिकलेल्या आजीला चोख येत होतं.

आजीची एक लोखंडी ट्रंक होती, कॉटखाली. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण. त्या खोलीत कपडे बदलायलासुद्धा आडोसा नव्हता. पण त्या ट्रंकेला कुलूप होतं आणि किल्ली आजीच्या कनवटीला. आंघोळीला जातानाही ती सोबत नेई. आत काय आहे हे तिच्या मुलांनी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर उघडली तेव्हा दोन इरकली लुगडी निघाली, आणि तिच्या भावाची सात पत्रं.

आणि आमची आम्हा मुलींची च-ची भाषा होती. 'तुला' म्हणजे 'चुलात', 'घरी' म्हणजे 'चरीघ'. मी आणि शेजारच्या बिऱ्हाडातली माझी मैत्रीण, दोघी गॅलरीच्या कठड्याला रेलून मोठ्यांच्या देखत तासन्‌तास त्या भाषेत बोलायचो. मोठ्यांना ती येत होतीच, तीही लहानपणी तेच बोललेली. पण ती समजत नसल्याचं दाखवायची. आता वाटतं, तो त्यांचा मोठेपणा होता. त्यांनी आम्हाला न दिसणारी एक खोली बांधून दिली होती.

तेव्हा आपल्याकडे खाजगीपणाची जाणीवच नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. जाणीव होती आणि ती अंगवळणी पडलेली होती. प्रश्न असा आहे की मेल हा कागद कार्डात मोडतो, अंतर्देशीयात की पाकिटात, हे आपल्याला कुणी कधी सांगितलंच नाही. पासवर्ड टाकूनच तो उघडतो, म्हणून आपण तो पाकीट धरून चाललो.

ही पाकिटाची उपमा जुनी आहे. अमेरिकेत फिल झिमरमन नावाच्या प्रोग्रामरने १९९१ मध्ये पीजीपी हे मेल कुलूपबंद करण्याचं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटलं, तेव्हा त्यानेही हाच मुद्दा मांडला होता: सगळे पोस्टकार्डच लिहीत असतील तर पाकीट वापरणाऱ्याचाच संशय येतो, सगळ्यांनी पाकिटं वापरली तर कुणाचाच येत नाही. त्या काळी तिथल्या कायद्याच्या लेखी भक्कम एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला असं कुलूप घालणं, हे युद्धसामग्रीत गणलं जाई. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून देशाबाहेर गेलं म्हणून झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. तो १९९६ मध्ये संपला, खटला न भरता. एका माणसाने आपली काही वर्षं पणाला लावून लोकांना पाकीट मिळवून दिलं, आणि लोकांनी ते घेतलं नाही. मला याचं वाईट वाटतं.

त्यामागची युक्ती मात्र फार सुंदर आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ती जगापुढे मांडली. त्याआधी गुप्त लिपीचं दुखणं एकच असे: किल्ली समोरच्यापर्यंत पोचवायची कशी? आमच्या च-च्या भाषेचंही तेच. ती ज्याला शिकवाल त्याला सगळंच कळणार. नव्या युक्तीत किल्ली द्यायचीच नाही. आपलं उघडं कुलूप वाटायचं. नवतालसारखं कुलूप समजा, ते दाबलं की बसतं. अशी हजार कुलपं मी गावभर वाटली. ज्याला मला पत्र लिहायचं असेल त्याने पत्र पेटीत घालावं, माझं कुलूप दाबून बसवावं आणि पाठवून द्यावं. बसवणाऱ्यालाही ते परत उघडता येत नाही. किल्ली एकच, ती माझ्या कनवटीला. ज्या शहरात १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली, त्या शहरात ही गोष्ट समजवायला फार शब्द लागू नयेत.

पण मग, हे कुलूप तुझंच कशावरून? मधल्या कुणीतरी तुझ्या नावावर स्वतःचं कुलूप खपवलं नसेल कशावरून? ही खात्री करून घेण्यासाठी अशा प्रत्येक कुलपाला एक ठसा असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ४० खुणांचा. तो मेलवरून पाठवण्यात अर्थ नाही; मेलवरच तर शंका आहे. एकमेकांना भेटून किंवा फोनवर आवाज ओळखून तो पडताळायचा.

२०१३ च्या जूनमध्ये अमेरिकी सरकार लोकांचे मेल आणि फोन कसे चाळतं हे एडवर्ड स्नोडेनने उघड केल्याच्या बातम्या आल्या आणि त्या वाचून मी हे शिकायला बसले. चाळीतली ती मैत्रीण तेव्हा बोरिवलीला राहत होती, अजूनही राहते. मी सेंट्रलवर, ती वेस्टर्नवर. भेटायचं तर दादर. एका शनिवारी दुपारी आम्ही दादरच्या पुलावर, जिथे दोन्ही लाइनींची माणसं एकमेकांतून वाहत असतात, तिथे कठड्याला टेकून उभ्या राहिलो. माझ्या हातात तिचा कागद, तिच्या हातात माझा. चार-चारचे १० गट. "सात, ए, तीन, एफ." "सात, ए, तीन, एफ, पुढे?" खालून गाडीची घोषणा झाली की थांबायचं, गट चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूने जाणाऱ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि आम्हाला मात्र तीस वर्षांनी तीच गॅलरी, तोच कठडा आठवत होता. तो अर्धा तास मला फार प्रिय आहे.

पण तो अर्धा तास होता, एका माणसासाठी. माझ्या फोनमध्ये चारशे माणसं आहेत. घराला कुलूप लावायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. मेलचं मात्र तसं नाही. मी कितीही सजग असले तरी समोरच्याने आपलं कुलूप मला दिलेलं नसेल तर मी त्याला बंद पत्र पाठवूच शकत नाही. म्हणजे आधी मी त्याला पटवायचं, मग त्याच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवायचं, मग ठसा पडताळायचा, आणि एवढं करून मग लिहायचं काय, तर 'रिपोर्ट सोबत जोडला आहे'. माझ्या एका मामेभावाला मी हे सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, नसतं लचांड कशाला? हे असलं बेकायदेशीर तर नाही ना?" तो २०१५ चा सप्टेंबर होता. केंद्र सरकारच्या एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपल्या कुलूपबंद मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं म्हटलं होतं. गदारोळ झाला आणि तो मसुदा काही दिवसांत मागे घेतला गेला, पण भावाच्या डोक्यात तेवढीच बातमी राहिली होती. त्याला दोष कसा देऊ?

ज्यांचा जीव त्यात गुंतलेला होता त्यांनाही हे जड गेलं, हे मी कायम लक्षात ठेवते. एडवर्ड स्नोडेनने डिसेंबर २०१२ मध्ये नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना मेल करून आधी पीजीपी बसवून घ्यायला सांगितलं होतं. कसं करायचं याचा व्हिडिओसुद्धा बनवून दिला. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते राहून जात गेलं, आणि स्नोडेन मग माहितीपट करणाऱ्या लॉरा पॉइट्रस यांच्याकडे वळला. शतकातली एवढी मोठी बातमी दाराशी येऊन उभी होती आणि कडी निघत नव्हती. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या दोन संशोधकांनी १२ जणांना पीजीपी देऊन ९० मिनिटं बसवलं होतं. मेल नीट सही करून, कुलूपबंद करून पाठवणं त्यांतल्या एक तृतीयांश लोकांनाच जमलं. तिघांनी तर जे गुपित राखायचं तेच चुकून उघड्यावर पाठवलं. ती माणसं अडाणी नव्हती. किल्ली, कुलूप, सही, ठसा हे शब्द त्यांना माहीत होते, पण पडद्यावर ते वेगळ्याच रीतीने वागत होते.

किल्ली हरवते, हेही आलंच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा मी शीवला उतरून चालत निघाले. कमरेइतक्या पाण्यात पाठीवरची बॅग डोक्यावर घेऊन चालले, पण एका ठिकाणी पाय घसरला. मी वाचले, लॅपटॉप गेला. बाकी सगळं कुठे ना कुठे होतं. फोटो होते, भाषांतरं होती. किल्लीची दुसरी प्रत मात्र मी केलेली नव्हती. ज्या वस्तूची प्रत असू नये असं मी चार वर्षं घोकलं, तिची प्रत खरोखरच नव्हती. मैत्रिणीचे मेल इनबॉक्समध्ये तसेच आहेत. वर तिचं नाव, तारीख आणि विषय, कारण पत्त्याला हे कुलूप लागत नाही आणि विषयालाही तेव्हा लागत नसे. खाली 'बिगिन पीजीपी मेसेज' आणि मग इंग्रजी अक्षरांची गर्दी, ओळीमागून ओळ. जुने मी वाचलेले होते. शेवटचा आदल्या रात्रीचा होता आणि त्याचा विषय होता 'निवांत वाच'. म्हणून मी तो ठेवून दिला होता. तिच्याकडची प्रतही माझ्याच कुलपात बंद झाली होती. मी फोन केला तर म्हणाली, "जाऊ दे गं, काही विशेष नव्हतं."

२०१९ मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर आई आणि मी कागद शोधायला बसलो: पॉलिसी, फंडाची पत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. बाबांच्या टेलिफोन डायरीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात मेलचा पासवर्ड लिहिलेला होता. आईचं माहेरचं नाव आणि चाळीतल्या खोलीचा नंबर. आईने तो वाचला आणि बराच वेळ डायरी मिटून धरून बसली. मेल उघडला आणि एका संध्याकाळी सगळं सापडलं, शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकले की एकेक कागद वर येत होता. बाबांनीही माझ्यासारखे मेल कुलूपबंद केले असते तर? ते मागे लागले होते, "मलाही शिकव," म्हणून. माझ्याकडून राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून मला लोकांची बाजू आतून कळली. आपल्या घरात भीती कुणी वाचेल याची नसते, मागच्यांना सापडणार नाही याची असते. मेल हे आता पत्र राहिलेलंच नाही. ते कुटुंबाचं कपाट झालं आहे. लाइटबिलापासून मृत्युपत्रापर्यंत सगळं त्यात आहे, आणि कपाटाची किल्ली घरात चारजणांना ठाऊक असावी लागते. २००४ मध्ये जीमेलने १ जीबी जागा फुकट देऊ केली तेव्हापासून कुणी काही पुसायचं बंद केलं. त्या मेलमधला मजकूर यंत्राने चाळून जाहिराती दाखवणं गूगलने २०१७ मध्ये थांबवत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे तोवर ते चालू होतं आणि आपण पाकीट समजून कार्डं लिहीत होतो. आज बहुतेक मेल एका सर्व्हरहून दुसऱ्याकडे जाताना झाकलेला असतो. मुक्कामी पोचल्यावर तो उघडा असतो, कंपनीला वाचता येईल असा. पण तो उघडा आहे म्हणूनच शोध चालतो, स्पॅम अडतो आणि नव्या फोनवरही सगळं लगेच दिसतं. आणि म्हणूनच बाबांची पॉलिसी सापडली.

कुलूप वापरायला लोकांचा विरोध नाही याचा पुरावा तर रोज दिसतो. ई-आधारची पीडीएफ कुलूपबंद येते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. सत्तरीच्या काकूही ती बरोबर उघडतात, कारण किल्ली त्यांच्या आयुष्यातलीच आहे. ती किल्ली अर्ध्या वाडीलाही ठाऊक असते, ही गोष्ट वेगळी आणि वाईट आहे. पण पाठवणाऱ्याने कष्ट घेतले की घेणारा मागे राहत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने शंभर कोटींहून अधिक लोकांचे निरोप दोन्ही टोकांकडून कुलूपबंद केले. कुणी ठसे पडताळले नाहीत, कुणी पुलावर उभं राहिलं नाही. एकाच कंपनीच्या हातात दोन्ही टोकं होती, म्हणून ते जमलं. मेलची टोकं कुणा एकाच्या हातात नाहीत. १९८२ मध्ये ठरलेल्या साध्या नियमांवर जगभरचे सर्व्हर एकमेकांकडे पत्रं टाकत आले आहेत, आणि त्यात कुणाचाही मेल कुणालाही जातो हे त्याचं मोठं औदार्य आहे. मला ते औदार्य गमवायचं नाही. पण ज्यांच्याकडे कोट्यवधी लोकांच्या टपालाची पेटी आहे त्यांनी आपसांत बसून हे कुलूप पेटीतच बसवायला हवं होतं. ते काम त्यांनी त्या बायॉप्सीवाल्या बाईंवर सोडलं.

जीपीओसमोर, कबुतरखान्यापाशी पत्रलेखक बसायचे. मुंबईत एकट्याने राहणारा गडी त्यांच्यापुढे उकिडवा बसून बायकोला काय लिहायचं ते सांगे. सगळी गुपितं त्या लेखनिकाच्या कानावरून जात. लिहिणाऱ्याचा भरवसा लिपीवर नव्हता, समोर बसलेल्या माणसावर होता. आपण अजूनही तसेच आहोत, आणि त्यात चूक काही नाही. मेलमध्ये फक्त ते समोरचं माणूस उरलेलं नाही.

मी आता कामाची भाषांतरं पासवर्ड घालून पाठवते आणि पासवर्ड फोन करून सांगते. फाइलला कुणाचं नाव देत नाही. झेरॉक्सवाल्या मुलाला मी सुचवलं, त्याने आता स्क्रीन आतल्या बाजूला वळवली आहे. नवी किल्ली मी केली. तिच्या दोन प्रती आहेत, आणि पासवर्ड एका पाकिटात घालून आईच्या कपाटात ठेवला आहे, पाकिटावर मुलीचं नाव लिहून.

दिवाळीनंतर बोरिवलीला गेले होते. मैत्रिणीने चहा टाकला होता, बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई टीव्ही बघत होत्या. मी ओट्याला टेकून उभी होते. बोलता बोलता विचारलं, "त्या शेवटच्या मेलमध्ये काय लिहिलं होतंस गं? निवांत वाच म्हणालेलीस तो."

ती काही बोलली नाही. तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.